गावात कोणतं सिम चालेल? रेंज आणि नेटचा वेग स्वतः मोजून ठरवण्याची पद्धत

आई-बाबांजवळ राहायचं म्हणून ठाण्याहून संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत आलो. निघण्यापूर्वी गावातल्या चौघांना फोन करून एवढंच विचारलं होतं, "तिकडे कुठलं नेट चालतं?" चौघांनी चार वेगवेगळ्या कंपन्यांची नावं सांगितली आणि चौघंही खरंच बोलत होते. एकाचं घर वर सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर), एकाचं नदीकाठी, एकाचं दुकान हायवेला लागून, आणि चौथा फक्त व्हॉट्सअ‍ॅप बघणारा. माझं घर खोऱ्यात, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचं, आणि काम रोज तीन-चार तास व्हिडिओ कॉलवर बसण्याचं. त्यांच्या उत्तरांचा मला काहीच उपयोग नव्हता. पहिल्या काही महिन्यांत मी सिमं बदलत राहिलो, एक नंबर घाईघाईत पोर्ट केला (म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली) आणि पस्तावलो. मग एक वही घेतली आणि नीट मोजायला लागलो. जे काम आधी आठवड्यात झालं असतं, ते उशिरा झालं.

तुम्ही गावी परतत असाल, नोकरीसाठी नव्या शहरात खोली घेत असाल किंवा मुलांच्या ऑनलाइन शिक्षणासाठी धडपडत असाल, तर हे वाचून मगच सिम घ्या. "सगळ्यात चांगलं नेटवर्क कुठलं" या प्रश्नाला अख्ख्या तालुक्याचं मिळून एक उत्तर नसतं. तुमच्या घराचं, तुमच्या फोनचं आणि तुमच्या कामाच्या वेळेचं उत्तर मात्र शोधता येतं.

काय काय लागेल

- ४जी किंवा ५जी फोन, शक्यतो दोन सिमचा
- वही आणि पेन (फोनमध्ये टिपून ठेवलंत तरी चालेल, पण वहीत तुलना चटकन दिसते)
- आधार कार्ड, आणि ओटीपी येण्यासाठी आधीचा चालू नंबर
- वेग मोजणारं एखादं अ‍ॅप: उकलाचं स्पीडटेस्ट, ट्रायचं (दूरसंचार नियामक संस्थेचं) मायस्पीड, किंवा नुसतं ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम
- रेंज आकड्यात दाखवणारं अ‍ॅप, उदाहरणार्थ नेटवर्क सेल इन्फो (अँड्रॉइडसाठी)
- शेजाऱ्यांचे फोन, म्हणजे शेजाऱ्यांसकट

१. तुम्हाला नेमकं काय हवंय ते आधी लिहा

आजीला फोनवर बोलायचंय, मुलीला व्हिडिओवर तास बघायचाय, तुम्हाला ऑफिसची बैठक करायचीय, दुकानात यूपीआयचा पैसा खणकन यायला हवाय. या चार गरजा वेगळ्या आहेत. यूपीआयला वेग जवळजवळ लागतच नाही, पण नेट सलग हवं. व्हिडिओ बघायला डाउनलोड लागतं. व्हिडिओ कॉलला मात्र डाउनलोडइतकंच अपलोडही लागतं. दोन्ही बाजूंनी निदान २ ते ३ एमबीपीएस (वेगाचं माप, सेकंदाला किती मेगाबिट) सतत मिळत असेल तर बैठक नीट होते. माझी फसगत नेमकी इथेच झाली. मी डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश झालो आणि बैठकीत माझाच चेहरा गोठत राहिला, कारण अपलोड अर्ध्या एमबीपीएसच्या वर जात नव्हतं.

घरात साधा बटणांचा फोन वापरणारं कुणी असेल तर तेही लिहा. जिओचं जाळं २०१६ साली सुरू झालं तेच ४जीवर. त्याला २जी नाहीच, म्हणून जुना २जी बटणांचा फोन त्यावर चालत नाही. एअरटेल, व्ही (व्होडाफोन-आयडिया) आणि बीएसएनएलवर तो चालतो.

२. नकाशे बघा, पण घराबाहेरचे म्हणून बघा

ट्रायने २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे टाकणं बंधनकारक केलं. त्यामुळे आता जिओ, एअरटेल, व्ही, बीएसएनएल या सगळ्यांच्या संकेतस्थळावर २जी, ४जी, ५जी कुठे आहे ते रंगांत बघता येतं. नकाशा मोठा करत करत आपल्या वाडीपर्यंत जा. रंग आहे म्हणजे रेंज असायला हवी, इतकंच त्यातून समजतं. हे नकाशे बहुतेक गणितानं काढलेले असतात: टॉवरची उंची, लहरीची जात, जमिनीचा चढउतार. तुमच्या माजघरात काय होईल ते त्यात नसतं.

ओपनसिग्नल आणि एनपर्फ या अ‍ॅपमधले नकाशे लोकांच्या फोनवरच्या खऱ्या मोजणीतून बनतात. शहरात ते फार उपयोगी पडतात. गावाकडे मात्र हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांमधल्या फोनांनी रस्ता हिरवा केलेला असतो आणि आत दोन किलोमीटरवर मोजणारं कुणी गेलेलंच नसतं. रस्त्यालगतचा हिरवा पट्टा बघून आतल्या वाडीचा अंदाज बांधू नका.

दूरसंचार विभागाचं तरंग संचार नावाचं पोर्टलही बघून ठेवा. ते २०१७ मध्ये सुरू झालं. त्यात आपल्या जागेभोवतीचे टॉवर नकाशावर दिसतात. टॉवर कुठल्या दिशेला आहे हे कळलं की पुढच्या पायऱ्या सोप्या होतात, कारण त्या दिशेची खिडकी, तो माळा, ते अंगण आधी तपासता येतं. आमच्याकडे सगळ्यात जवळचा टॉवर सरळ रेषेत दीड किलोमीटरवर आहे, पण मध्ये डोंगराची सोंड येते. चार किलोमीटरवरचा दुसरा टॉवर सड्यावर असल्यानं त्याची रेंज त्याहून चांगली येते. कोकणात, घाटात, मावळात हे फार ठिकाणी आढळेल. किती लांब आहे यापेक्षा मध्ये काय आहे ते महत्त्वाचं.

आणखी एक: एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं बसवलेली असू शकतात. "गावात अमक्याचा टॉवर आहे" असं लोक सांगतात, ते अर्धवट असू शकतं.

३. तुमचा फोन कुठल्या लहरी ऐकतो ते तपासा

ही पायरी लोक गाळतात आणि मग कंपनीला नावं ठेवतात. प्रत्येक कंपनी ठरावीक पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, नेट देते. फोनला तो बँडच कळत नसेल तर टॉवर परसात असला तरी उपयोग नाही.

ढोबळ नियम असा की आकडा लहान तितकी लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ या घरात शिरणाऱ्या लहरी. १८०० आणि २१०० मधल्या. २३००, २५०० आणि ५जीचा ३५०० यांत वेग भरपूर, पण भिंत आणि अंतर त्यांना सोसत नाही. म्हणूनच अंगणात ५जी आणि आत आलं की ४जी, असं होतं.

जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर आहे. २०२२ च्या लिलावात ५जीसाठी ७०० मेगाहर्ट्झ घेणारी ती एकटीच खासगी कंपनी. एअरटेल आणि व्ही यांच्याकडे गावाकडे ९०० आणि १८०० महत्त्वाचे. बीएसएनएलचं नवं देशी बनावटीचं ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० वर चालतं. ७०० ला फोनच्या भाषेत बँड २८ म्हणतात. काही जुन्या आणि स्वस्त फोनांत हा बँड नसतो. फोनचं मॉडेल इंटरनेटवर शोधा, त्याच्या माहितीत बँडची यादी असते, त्यात २८ आहे का ते बघा. बीएसएनएलचं सिम फार जुनं असेल तर ते ४जीच्या सिमने बदलूनही घ्यावं लागतं.

५जीबद्दलही एक फरक ठाऊक असू द्या. जिओचं ५जी स्वतंत्र उभं आहे, तर एअरटेलने सुरुवातीला ५जी दिलं ते ४जीच्या आधारावर. ज्या ५जीला ४जीचा आधार लागतो, तिथे ४जीच लुळं असेल तर ५जीही धड चालत नाही. तेव्हा ५जीची पाटी बघून भाळण्याआधी त्याच कंपनीचं ४जी तपासा.

४. शेजाऱ्यांना विचारा, पण प्रश्न नीट विचारा

"नेट चालतं का?" असं विचारलंत की "चालतं" हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी असं विचारा:

- घरात कुठे बसून वापरता? पडवीत, माळ्यावर, की खळ्यात जाऊन?
- रात्री नऊ वाजता व्हिडिओ अडखळतो का?
- लाईट गेल्यावर किती वेळानं रेंज जाते?
- गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात काय होतं?
- फोन कुठला आहे?

सगळ्यात चांगली उत्तरं मला तिघांकडून मिळाली: यूपीआयवर धंदा करणारा किराणा दुकानदार, दुपारी सरकारी अ‍ॅपमध्ये माहिती भरणाऱ्या अंगणवाडीताई, आणि पार्सल पोचवणारा मुलगा. दुकानदार आणि ताई एकाच जागी बसून तासन् तास नेट वापरतात. पोरगा वाडीवाडी फिरतो आणि कुठल्या वळणावर कुठलं सिम मरतं ते त्याला पाठ असतं.

५. तपासायला वेगळं सिम घ्या, पोर्ट नको

माझी सगळ्यात महागडी चूक हीच. बाजारात छत्री लावून बसलेल्या विक्रेत्यानं "आजच पोर्ट करा, ऑफर आहे" म्हटलं, आणि मी बँकेला, आधारला, गॅसला जोडलेला वीस वर्षांचा नंबर त्याच्या हवाली केला. घरी आलो तर आत रेंज नाही. परत फिरायला ९० दिवस थांबावं लागलं, कारण पोर्ट केलेला नंबर नव्या कंपनीत ९० दिवस झाल्याशिवाय पुन्हा पोर्ट होत नाही.

म्हणून आधी शेजाऱ्याचा किंवा पाहुण्याचा फोन घरात आणून अर्धा तास मोजणी करा. जी दोन सिमं बरी वाटतील, त्यांचीच नवीन प्रीपेड कनेक्शनं घ्या आणि सगळ्यात कमी दिवसांचं रिचार्ज मारा. आधार कार्ड आणि जागच्या जागी काढलेला फोटो यावर सिम मिळतं. विक्रेता अंगठा किंवा ओटीपी दोनदा मागू लागला तर थांबा आणि कारण विचारा. तुमच्या नावावर दुसरंच सिम निघू शकतं. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर किंवा त्याच्या अ‍ॅपवर दिसतं. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त ९ कनेक्शनं चालतात. तपासणी संपली की नको असलेलं सिम कंपनीला कळवून बंद करा. ते खणात टाकून विसरू नका.

मुंबई-ठाण्याचा नंबर घेऊन कोकणात आलात तर एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा. मुंबई, ठाणे, नवी मुंबई हे वेगळं दूरसंचार मंडळ (सर्कल) आहे. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. त्यामुळे मुंबईचं सिम इथे रोमिंगवर असतं. पैसे जास्त लागत नाहीत, पण काही फोनांत "डेटा रोमिंग" बंद असेल तर दांड्या भरलेल्या दिसतात आणि नेट येत नाही. गणपतीला आलेले निम्मे चाकरमानी याच एका बटणामुळे वैतागलेले असतात.

६. रेंज मोजा: दांड्या नव्हे, डीबीएम

फोनवरच्या दांड्यांना ठरलेलं माप नाही. एका कंपनीच्या फोनवरच्या तीन दांड्या दुसऱ्याच्या दोन असू शकतात. खरी रेंज डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात, कळते. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या "फोनबद्दल" या भागात सिमची स्थिती उघडा, तिथे सिग्नलची तीव्रता दिसते. काही फोनांत *#*#४६३६#*#* हे डायल केलं की थेट दिसतं. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* डायल करून कॉलचं बटण दाबा. हे जमलं नाही तर वर सांगितलेलं अ‍ॅप.

आकडा उणे असतो, त्यामुळे पहिल्यांदा गोंधळ होतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी मी असं वाचतो:

- उणे ८० ते ९०: उत्तम, आत बसून काम होईल
- उणे ९० ते १००: चांगलं
- उणे १०० ते ११०: चालेल, पण पावसात आणि गर्दीत दगा देईल
- उणे ११० च्या पलीकडे: फोनवर बोलणंही तुटायला लागेल
- उणे १२० च्या आसपास: नाहीच म्हणा

१० डीबीएमचा फरक म्हणजे दहापट. उणे ९० आणि उणे ११० मध्ये शंभरपट फरक आहे, हे ध्यानात आलं की एका खिडकीचं महत्त्व पटतं. आमच्या माजघरात उणे ११८ येत होतं, त्याच घराच्या माळ्यावर कौलाखाली उणे ९९. कौलातून लहर येते, जांभ्यातून फारशी येत नाही, आणि पत्र्यातून तर जवळजवळ येतच नाही. नवीन पत्र्याची शेड घातल्यावर "नेट गेलं" अशी तक्रार ऐकू आली तर आधी शेडकडे बघा.

अ‍ॅपमध्ये एसआयएनआर किंवा एसएनआर असा दुसरा आकडाही असतो. पहिला आकडा आवाज किती मोठा ते सांगतो, हा आवाज किती स्वच्छ ते. जत्रेत माणूस शेजारी उभा राहून ओरडला तरी शब्द कळत नाहीत, तसं इथेही होतं. हा आकडा १० च्या वर असेल तर छान. शून्याच्या आसपास किंवा उणे असेल तर दांड्या भरलेल्या असूनही नेट रखडेल. शहरात, विशेषतः इमारतीच्या वरच्या मजल्यांवर, चार टॉवर एकाच वेळी ऐकू येतात आणि हा आकडा घसरतो. पुण्या-मुंबईत बाराव्या मजल्यावर राहणाऱ्यांनी डीबीएमपेक्षा या आकड्याकडे जास्त बघावं.

मोजताना फोन हातात घट्ट धरू नका, टेबलावर ठेवा. एका जागी एक मिनिट थांबा, आकडा खालीवर होतो, मधला धरा. घरातल्या किमान चार जागा मोजा: जिथे काम कराल ती, जिथे झोपता ती, स्वयंपाकघर आणि अंगण.

७. वेग मोजा: तीन वेळा, त्याच जागी

रेंज म्हणजे रस्त्यापर्यंतची पायवाट. वेग त्या रस्त्यावर गर्दी किती यावर ठरतो. एका टॉवरची ताकद त्या वेळी तो वापरणाऱ्या सगळ्यांत वाटली जाते. गावाकडच्या बऱ्याच टॉवरना फायबर पोचलेलं नसतं. ते पुढच्या टॉवरशी मायक्रोवेव्हच्या तबकडीनं जोडलेले असतात, आणि ती वाटच अरुंद असते.

माझ्या वहीतलं पहिलंच पान याची साक्ष देतं. पहिलं सिम, माळा, सकाळी सात: डाउनलोड ३८, अपलोड ९. तेच सिम, तीच जागा, रात्री नऊ: डाउनलोड १.४, अपलोड ०.३. डीबीएम दोन्ही वेळा तेवढंच. दुसरं सिम सकाळी फक्त १२ देत होतं, पण रात्रीही ८ च्या खाली गेलं नाही. मी आज ते दुसरं वापरतो. सकाळची एकच टेस्ट करून निकाल लावला असता तर पहिल्यालाच गळ्यात घेऊन बसलो असतो.

म्हणून सकाळी, दुपारी आणि रात्री ८ ते १० च्या मध्ये, अशी प्रत्येक सिमची मोजणी करा. निदान पाच दिवस, त्यात एक रविवार हवा. प्रत्येक वेळी वहीत लिहायचं: तारीख, वेळ, सिम, जागा, ४जी की ५जी, डीबीएम, डाउनलोड, अपलोड, पिंग. पिंग म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. ५० च्या आत असेल तर उत्तम. १५० च्या वर गेलं की कॉलवर दोघं एकदम बोलायला लागतात.

मोजताना हमखास होणाऱ्या चुका:

*वाय-फाय चालू राहणं.* शहरात हे फार होतं, आकडा ब्रॉडबँडचा आणि कौतुक सिमचं. टेस्टपूर्वी वाय-फाय आणि व्हीपीएन दोन्ही बंद करा.

*दोन सिमच्या फोनमध्ये डेटा आपोआप बदलणं.* "डेटा स्विचिंग" नावाचं सेटिंग बंद करा, नाहीतर तुम्ही एकाचं म्हणून दुसऱ्याचंच मोजाल.

*दिवसाचा डेटा संपलेला असणं.* रोजचे दीड-दोन जीबी संपले की वेग बहुतेक ६४ केबीपीएसवर येतो. तो कंपनीचा वेग नव्हे. आणि टेस्टच डेटा खाते: १०० एमबीपीएस वेगाने १० सेकंद डाउनलोड म्हणजे १२५ एमबी गेले, अपलोड वेगळंच. ५जीवर पाच-सहा टेस्ट केल्या की दिवसाचा कोटा उडू शकतो.

*लहान रिचार्जवर ५जी शोधणं.* जिओ आणि एअरटेलचं अमर्याद ५जी साधारण रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवर मिळतं. रिचार्ज करताना प्लॅनचा तपशील वाचा.

*एमबीपीएस आणि एमबी यांत गल्लत.* ८ एमबीपीएस वेगानं सेकंदाला १ एमबी उतरतं. "१६ चा स्पीड आहे तरी सिनेमा उतरत नाही" असं म्हणणाऱ्यांचा हिशोब इथे चुकलेला असतो.

*दरवेळी वेगळा सर्व्हर.* स्पीडटेस्ट अ‍ॅप जवळचा सर्व्हर स्वतः निवडतं, कधी पुणे, कधी मुंबई, कधी पणजी. तुलना करताना दोन्ही सिमना हाताने एकच सर्व्हर द्या. सोबत फास्ट डॉट कॉमवरही एकदा बघा. ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं, म्हणून व्हिडिओ कसा चालेल त्याचा अंदाज चांगला येतो.

५जी कुंपणावर असेल, म्हणजे येतंय-जातंय असं असेल, तर सेटिंगमध्ये फोन फक्त ४जीवर ठेवून पुन्हा मोजा. फोन सारखा ५जी आणि ४जीत उड्या मारत असतो तेव्हा कॉल अडकतात आणि बॅटरीही लवकर उतरते. आमच्याकडे बाबांचा फोन ४जीवर बांधून ठेवल्यापासून त्यांची तक्रार थांबली.

शेवटी आकडे बाजूला ठेवून खरं काम करून बघा. मित्राला वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल लावा आणि तुमचा आवाज कुठे तुटला ते त्याला सांगायला सांगा.

८. वीज गेल्यावर, पावसात आणि गणपतीत

मे महिन्यात केलेली मोजणी जुलैत खोटी ठरू शकते. ओली झाडी लहरी शोषते, त्यामुळे झाडांतून येणारी रेंज पावसाळ्यात काही डीबीएमनी पडते. पण खरा घात विजेचा. टॉवरला बॅटरी असते, काहींना डिझेल जनरेटर असतो, आणि काही टॉवर वीज गेल्यावर तासा-दोन तासांत मान टाकतात. सगळ्या वाडीत अंधार असतो, घरात आजारी माणूस असतं, आणि नेमका तेव्हाच फोन लागत नाही. मला ही गोष्ट वेगापेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. वीज गेली की घड्याळ लावा आणि कुठलं सिम किती वेळ टिकलं ते लिहा. दोन-तीन वेळा लिहिलंत की चित्र स्पष्ट होतं.

आणि गणपती. एरवी चाळीस माणसांच्या वाडीत तीनशे माणसं येतात, प्रत्येकाच्या हातात फोन, संध्याकाळी सगळ्यांना आरतीचे व्हिडिओ पाठवायचे असतात. त्या पाच-सात दिवसांत कुठलंच सिम नीट चालत नाही, तेव्हा त्यावरून कंपनी बदलू नका. महत्त्वाचं काम असेल तर पहाटे पाच ते सात गाठा.

९. पोर्ट करायचं ठरलं तर

१. पोस्टपेड असेल तर आधीचं बिल पूर्ण भरा. प्रीपेड असेल तर शिल्लक पैसे आणि उरलेले दिवस बुडतात, म्हणून रिचार्ज संपत आल्यावरच अर्ज करा.

२. इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, एक जागा सोडून तुमचा दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवा. उत्तरात आठ अक्षरा-आकड्यांचा यूपीसी, म्हणजे पोर्ट करण्यासाठी लागणारा कोड, येतो. तो आपल्याकडे ४ दिवस चालतो. हा कोड विक्रेत्याशिवाय कुणालाही सांगू नका.

३. सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर ७ दिवस यूपीसी मिळत नाही. फसवणूक टाळण्यासाठी जुलै २०२४ पासून हा नियम आहे.

४. आधार आणि यूपीसी घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. त्याच मंडळात असाल तर ३ कामाचे दिवस, मुंबईचा नंबर महाराष्ट्र मंडळात आणायचा असेल तर ५ कामाचे दिवस धरा.

५. अर्ज केल्यावर मन बदललं तर २४ तासांत इंग्रजीत कॅन्सल, जागा सोडून नंबर, असा मेसेज १९०० ला.

६. नंबर बदलतो त्या वेळी काही तास दोन्ही सिमं मुकी राहतात. त्या दिवशी बँकेचं काम, परीक्षेचा फॉर्म, डॉक्टरांचा फोन असं काही ठेवू नका.

घरातल्या सगळ्यांचे नंबर एकदम पोर्ट करू नका. आधी एक करा, महिना जाऊ द्या. खरं तर मी दोन कंपन्या कायम ठेवायच्या मताचा आहे: मोठं रिचार्ज ज्याचं नेट चांगलं त्यावर, आणि ज्याचा टॉवर वीज गेल्यावर टिकतो त्याचं सिम नुसतं बोलण्यासाठी. ट्रायच्या नियमामुळे २०२५ पासून डेटा नसलेले, फक्त बोलणं आणि मेसेजचे प्लॅनही मिळतात. दुसऱ्या सिमला ते पुरतात.

१०. एकही सिम धड चालत नसेल तर

घरातली सगळ्यात चांगली जागा तुम्ही शोधलीच आहे. तिथे जुना फोन चार्जरला लावून हॉटस्पॉट चालू ठेवा आणि तुम्ही खाली बसून वाय-फायवर काम करा. मी अजूनही हेच करतो, माळ्यावरच्या वाशाला फोन टांगलेला आहे. पुढची पायरी म्हणजे सिम घालायचा ४जी राउटर, ज्याला बाहेर अँटेना जोडता येतो. अँटेना टॉवरच्या दिशेनं बसवला की बराच फरक पडतो. जिथे ५जी पोचलंय तिथे जिओ आणि एअरटेल छतावर यंत्र लावून घरात वाय-फाय देतात, त्याची चौकशी करा. गावात फायबर आला असेल तर तो आधी घ्या, आणि फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा, म्हणजे रेंज नसली तरी साधा फोन लागतो.

बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर मात्र लावू नका. परवान्याशिवाय तो वापरणं बेकायदा आहे, आणि त्याच्या गोंगाटानं आजूबाजूच्या घरांची रेंज बिघडते.

सरकारी निधीतून दुर्गम गावांत उभारलेल्या काही ४जी टॉवरवर दुसऱ्या कंपन्यांची सिमंही चालावीत अशी सोय जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तुमच्याजवळ असा टॉवर असेल तर फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये निवड "आपोआप" वर ठेवून बघा.

तक्रार करायची असेल तर आपल्या कंपनीच्या १९८ या तक्रार नंबरला करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. "नेट चालत नाही" असं न सांगता वही उघडून सांगा: अमुक तारखा, रात्री नऊ, ४जी, उणे ९६ डीबीएम, डाउनलोड १.४. उत्तराने समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. एकट्यानं करण्यापेक्षा वाडीतल्या आठ-दहा जणांनी आपापल्या नंबरवरून, एकाच आठवड्यात, आकड्यांसकट तक्रार करा. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात माणूस आला, टॉवरवर चढला आणि वाऱ्यानं फिरलेला अँटेना त्यानं सरळ करून दिला.